बिब्ब्याची खूण

माझ्या बेंबीशेजारी चार काळपट ठिपके आहेत. लहानपणी पोट फुगलं तेव्हा आजीनं बिब्बा तापवून दिलेले. आमच्या वस्तीवर ते सगळ्यांनाच आहेत. त्यामुळे आमच्या दवाखान्याच्या नवजात कक्षात चौसाळ्याकडून नऊ दिवसांचं बाळ आलं, तेव्हा त्याच्या पोटावरचे डाग बघून मी कागदावर ‘बिब्ब्याची खूण’ एवढंच लिहिलं आणि पुढच्या बाळाकडे वळले.

माझ्यासोबतची दुसरी डॉक्टर पुण्याची. आईवडील दोघंही डॉक्टर. माझ्या आईबापानं ऊस तोडून मला शिकवलं, त्यांचे उपकार मी रोज आठवते. तरीही तिचा निवांतपणा मला खुपायचा. तिनं बिब्बा कधी पाहिलाच नव्हता. ती सरळ बाळाच्या आजीजवळ फरशीवर बसली.

“आजी, हे कशाचं?”

“बिब्बा दिलाय बाई. पोट फुगलतं लेकराचं.”

“कधी?”

“परवा. कावून वो?”

तिनं डागाभोवती बोटानं दाबलं. कातडी टणक, चकचकीत झाली होती. लालीच्या कडेनं तिनं पेनानं रेघ ओढली. तासाभरात लाली रेघेच्या बोटभर पुढं गेली आणि मध्ये जांभळी झाली. जंतू कातडीखाली पसरत होते. नुसत्या औषधांनी ते थांबणार नव्हते, मेलेला भाग कापून काढावाच लागणार होता. तिनं सर्जनना फोन लावला. मी सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. हात चालत होते, पण मनात एकच होतं: बिब्बा माझ्या घरातला, आणि त्यातला धोका ओळखला तिनं.

ऑपरेशन झालं. बाळ वाचलं. पुढं रोजची पट्टी मीच बदलायचे.

“त्या बाई न्हाई आल्या आज?” आजी विचारायची.

“मी आहे ना आजी.”

“तुमी काय, आमच्यातल्याच की!”

ती मायेनंच म्हणायची. मला मात्र ते लागायचं.

माझ्या कागदाबद्दल ती पुण्याची कुणाजवळ एक शब्दही बोलली नाही. त्याचाही मला रागच आला.

आता मी प्रत्येक आईला आधी विचारते, बिब्बा दिलाय का, कधी दिला.

बाळ घरी निघालं त्या दिवशी आजीनं ते पुण्याच्या डॉक्टरच्या हातात दिलं आणि मोबाईल माझ्या.

“काढा बाई फोटू. लई चांगला काढा.”

पहिला हलला. दुसरा नीट आला.