एन्कार्नाच्या नाण्याला उजाळा

रातभर वारं सुटलेलं, सकाळीही थांबलं नव्हतं. वेरिबीतल्या त्या गल्लीत निम्मे कचऱ्याचे बिन आडवे झालेले. भास्करअण्णांनी कानटोपी ओढून आधी शेजारच्या एन्कार्नाचा बिन उभा केला, मग आपला, आणि हात झाडत गॅरेजात शिरले. आज तिचं काम पुरं करायचं होतं.

अण्णा हुपरीचे. सगळा जन्म चांदीचे पैंजण घडवण्यात गेला. बायको गेली तसं मुलानं, अनिशनं, त्यांना इकडं परदेशात आणलं. मुलगा-सून कामाला गेले की घर खायला उठायचं. बोलायला एकच माणूस मिळालं, ते एन्कार्ना. ऐंशीच्या पुढची, स्पेनमधल्या सेगोव्हियाची, नजर गेलेली. तिचं इंग्रजी मोडकं, ह्यांचं त्याहून मोडकं, म्हणूनच जमायचं. हे तिला 'आक्का' म्हणायचे, ती ह्यांना 'बास्कर'.

तिच्या एप्रनच्या खिशात चांदीचं एक काळंकुट्ट नाणं असायचं. ती सांगायची, सेगोव्हियात नदीकाठी राजाची टांकसाळ होती. पाण्यावर चाकं फिरायची, चाकांवर रूळ, आणि दोन रुळांमधून चांदीची पट्टी गेली की पलीकडं राजाचे शिक्के उठून यायचे. हे ऐकून अण्णांनी मांडीवर थाप मारलेली, "आमच्यात बी सेम, आक्का! पट्टी, रूळ, समदं! फकस्त राजा न्हाई!" पुढं टांकसाळ बंद पडली, तिथं पिठाची गिरणी झाली. एन्कार्नाचा बाप त्या गिरणीत हमाल. पाण्याचा पाट उपसताना त्याला चिखलात हे नाणं घावलं. कडेजवळ टांकसाळीची खूण होती, गावातल्या जुन्या कमानींच्या पुलाची, तांदळाएवढी. नजर गेल्यापासून एन्कार्ना अंगठ्यानं त्या कमानी चाचपायची आणि म्हणायची, "नाऊ आय ॲम होम."

हल्ली बोटं थरथरून नाणं पडायचं. साखळी लावून दे, एवढंच तिनं मागितलेलं.

अण्णांनी नाण्याला भोक पाडलं नाही. भोवती नाजूक कड बसवली, साखळी गुंफली. पण उजाळा दिल्याशिवाय माल दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही बापाची शिकवण हातात मुरलेली. त्यांनी पॉलिशची मोटर लावली. काळं गेलं, चांदी लखलखली.

सून सुरुची त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती डोकावली. "अण्णा, त्यांना विचारलंत का?"

"इचारायचं काय त्यात? तोंड न धुता पोरीला सासरी धाडतंय व्हय कोण?"

एन्कार्नानं दार उघडलं, नाणं घेतलं. कड चाचपून हसली. "ब्यूटिफुल, बास्कर." मग अंगठा आत सरकला आणि थांबला. पुन्हा फिरला. तिनं नाणं उलटं केलं, परत सुलटं केलं.

"व्हेअर इज माय ब्रिज?"

अण्णांनी ते उजेडाला धरलं. राजाचं नाव अर्धंमुर्धं उरलं होतं. पुलाच्या जागी नुसती चकाकी. चिखलात तगलेली, तिच्या बापाच्या आणि तिच्या खिशात झिजूनही उरलेली खूण त्यांनी चहा निवायच्या आत घालवली होती.

"आक्का, आय मेक. न्यू ब्रिज. सेम टु सेम." छिन्नी धरल्यासारखी त्यांची बोटं हवेतच हलली.

"नो," ती हळूच म्हणाली. "यू नेव्हर सॉ माय ब्रिज."

भांडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर अण्णांना बरं वाटलं असतं. तिनं साखळी गळ्यात घातली आणि कॉफीचं भांडं चढवलं. सवयीनं अंगठा नाण्यावर जायचा, घसरायचा, खाली यायचा. अण्णांना ते बघवेना. "सॉरी" हा शब्द त्यांनी किती वेळा म्हटला कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी ती "नो वरीज" म्हणाली. शेवटी कॉफी तशीच ठेवून ते उठले.

"टुमॉरो, बास्कर?" तिनं विचारलं.

त्यांनी मान डोलावली. तिला दिसणार नाही हे पायरी उतरल्यावर ध्यानात आलं, पण मागं वळून बोलायचं धाडस झालं नाही.

कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. अण्णांनी आक्काचा रिकामा बिन ओढत आत आणला, भिंतीला टेकवला, वाऱ्यानं पडू नये म्हणून चाकापुढं वीट लावली. मग आपला आणायला गेले.