पांढऱ्या आत्याची बन्सी

आत्या गव्हात शिरायची ती पांढरंशुभ्र लुगडं नेसूनच. विहारात जाताना उपासिका नेसतात ते पांढरं लुगडं तिनं रोजचंच करून टाकलं होतं, म्हणून मुखेडकडच्या आमच्या त्या गावात सगळे तिला पांढरी आत्या म्हणत. आई वैतागायची, रानात जाताना तरी रंगीत नेसा म्हणायची. आत्या हसायची. ‘‘रंगीतावर तांबेरा दिसंल का गं?’’

गव्हाच्या पानांवर तांबूस पुटकुळ्या येतात, हात लावला की बोटाला भुकटी लागते, तो तांबेरा. आत्या सकाळी सगळ्या रानातून एक फेरी मारायची आणि बांधावर येऊन आपला पदर, निऱ्या, काठ उलटून पाहायची. लुगडं कोरं असलं की चूल पेटायची, चहा व्हायचा. तांबूस डाग दिसला की चहा राहायचा आणि पंप पाठीवर चढायचा. ‘‘डाग पडला तवाच फवारायचं. पान वाळल्यावर फवारून काय, वाळलेलं हिरवं होतंय व्हय?’’

थंडीच्या सुट्टीत मी तिच्याकडे असायची. धुकं इतकं उतरलेलं असायचं की गहू दिसायचा नाही, आत्या दिसायची नाही, नुसतं काहीतरी पांढरं त्या करड्या हवेत हळूहळू सरकत राहायचं. मी बांधावर शाल गुंडाळून बसायची. मला अर्धवट झोप असायची आणि वाटायचं, आत्या गव्हातून नाही, पाण्यातून चालली आहे. आजही लातूरच्या घरात पहाटे डोळे मिटले की ती तशी चालताना दिसते, आणि उठावंसं वाटत नाही.

दुसऱ्याच्या रानात जाण्याआधी ती पाय धुवायची, लुगडंही बदलायची. बायका चेष्टा करायच्या, देवळात निघाली का म्हणून. ‘‘माझ्या रानातला रोग माझ्या पायानं दुसऱ्याकडं न्हाई गेला पाहिजे,’’ एवढंच ती म्हणायची. युरियाच्या गोण्या ओतणाऱ्यांवर मात्र ती तोंड सोडायची. ‘‘खाऊ घालून घालून पान लुसलुशीत करून राहिलेत. मंग रोगाला दुसरं काय पाहिजे?’’

तिच्या रानाच्या एका तुकड्यात बन्सी असायची. जुना, उंच वाढणारा, कडक दाण्याचा गहू. तो तिच्या सासूकडून आला होता आणि आसपास आता कुणाकडेच उरला नव्हता. तांबेऱ्याला तो चटकन बळी पडायचा, म्हणून आत्याचा जीव सगळ्यात जास्त त्याच्यात. त्या वर्षी कणगीतल्या बियाण्याला कीड लागली. वाचलं तेवढं सगळं तिनं पेरून टाकलं आणि त्याच थंडीत माझ्या बाळंतपणासाठी नांदेडला, माझ्या माहेरी आली. आई अंथरुणाला खिळली होती, दुसरं कोण येणार! रान गावी राहिलं, त्यातून फिरणारं कुणी नव्हतं.

सव्वा महिन्यानं ती मला आणि बाळाला घेऊन गावी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बन्सीतून बाहेर आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत तांबूस झालं होतं. ओंब्यांत दाणा अजून भरला नव्हता. शेजारी देवरावकाकांचा गहू होता, त्यांच्या भरल्या घराचं वर्षाचं खाणं. वारा बन्सीवरून तिकडेच वाहत होता आणि त्यांच्या कडेच्या पानांवर चार-दोन ठिपके दिसू लागले होते.

आत्यानं विळा मागितला. देवरावकाका धावत आले. ‘‘अक्का, कापू नगा. मी फवारतो की दोन्हीकडं. तुमचं बियाणं जाईल ना हो!’’

‘‘माझं गेलंच हाय, देवराव. हे उभं राहिलं तर तुमचंबी घेऊन जाईल. दव हाय तवर कापू द्या, वाळलं की भुकटी उडती. तुम्ही तुमचं फवारा, आजच.’’

ती वाकून कापत राहिली. मी बाळाला घेऊन बांधावर उभी होते. तिचे डोळे भरलेले होते आणि हात थांबत नव्हता. दुपारपर्यंत सासूचा गहू गुरांपुढे पडला. देवरावकाकांचं पीक वाचलं. नंतर मी विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, ‘‘वाटतंय की. लई वाटतंय.’’ आणि बाळाची अंगडी घडी करत बसली.

आत्याला जाऊन आता दोन हिवाळे झाले. मागच्या महिन्यात गावी गेले, तर देवरावकाका माझी वाटच पाहत होते. दर हंगामात ते बन्सी शोधत फिरत होते, हे मला तेव्हा कळलं. देगलूरकडच्या कुठल्याशा गावातून त्यांनी मूठभर दाणे मिळवले होते. तळहात पुढे करून म्हणाले, ‘‘बघ गं पोरी, हीच का अक्काची बन्सी?’’

मी एक दाणा उचलला, उन्हात धरला, दाताखाली फोडून पाहिला. मला ओळखता येईना. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि तिथं आम्हाला सांगणारं तिसरं कुणी नव्हतं.