भाऊजींच्या बाल्कनीवरून गेलेली केबल

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. परगावी चार मराठी घरं एका कॉलनीत राहायला लागली की वाटीभर साखर आणि घरातल्या गोष्टी, दोन्हींची ने-आण आपोआप सुरू होते. साखर संपते, गोष्टी साठत जातात. नव्वदच्या दशकात लखनौला चिनहटच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत मी टायपिस्ट होते आणि कंपनीच्याच कॉलनीत तळमजल्यावर राहत होते. तिथले माझ्याकडचे निम्मे किस्से खानझोडे भाऊजींचे आणि उरलेले त्यांच्या मुलीचे. आता विषय केबलचा निघालाच आहे, तर दोघांचेही सांगते.

खानझोडे मूळचे वर्ध्याचे, आमच्या टेस्टिंग डिपार्टमेंटचे मुख्य. त्यांचे सगळे रिपोर्ट मीच टाइप करायची. ऑफिसात त्यांना साहेब म्हणायचे, घरी भाऊजी. रागवायचे मात्र ते दोन्हीकडे सारखंच.

*

कॉलनीत केबल आली ती मुन्ना भैयाच्या स्कूटरवरून. मागच्या सीटवर वायरचं भेंडोळं बांधून तो आला आणि दोन दिवसांत सगळ्या गच्च्यांवरून वायर फिरवली. आमच्या घरी वायर आणायची तर ती भाऊजींच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीवरूनच यायला हवी होती.

भाऊजी बाल्कनीत उभे राहिले. केबलविषयी त्यांचं मत पक्कं होतं. "पोट्ट्यांचं डोकं म्हणजे काय गोदाम आहे का, वाट्टेल ते आणून टाकायला? वायर वरून जाऊ द्या. माझ्या घरात उतरली नाही पाहिजे."

मुन्ना भैया शिडीवरून शांतपणे म्हणाला, "साहब, तार को क्या पता किसका घर है. हम बता देंगे उसको."

वायर त्यांच्या घरात उतरली नाही. त्यांची मुलगी वैदेही मात्र दोन जिने उतरून रोज आमच्याकडे यायला लागली. ती तेव्हा अकरावीत होती. तिच्या आईने, शुभदा वहिनींनी, भाऊजींना सांगितलं, "सरिताकडे टायपिंग शिकायला जाते." आता बाईमाणसाला खोटं पाडायचं कसं? मग मी तिला खरंच टायपिंग शिकवलं. जाहिराती लागल्या की टायपिंग, कार्यक्रम सुरू झाला की टीव्ही. जाहिराती इतक्या असायच्या की सहा महिन्यांत तिचा स्पीड चाळीसवर गेला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना तो दोन वर्षांत जमला नव्हता.

*

माझा निशांत तेव्हा आठवीत. मी मराठीत विचारायचं आणि त्याने हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता. केबल आल्यावर हिंदी तीच राहिली, पण तिला निवेदकाचा सूर लागला. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, "बस, हम अभी हाज़िर होते हैं."

एक दिवस शाळेतून चिठ्ठी आली, इतिहासाच्या मिश्रा मॅडमना भेटा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मॅडमनी पेपर माझ्यापुढे ठेवला. सत्तावन्नच्या उठावाची कारणं लिहायची होती. निशांतने तीन कारणं लिहिली होती, आणि पानाच्या तळाशी रेघ मारून पुढे हे: "चौथा कारण सबसे बड़ा है. कहीं मत जाइएगा, पन्ना पलटिए."

घरी गेल्यावर आधी वायर उपटायची की आधी याचे कान, एवढंच ठरायचं होतं.

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "देखिए, मैंने डाँटने के लिए ही बुलाया था. लेकिन सच बताऊँ? बावन कापियाँ जाँचीं. पन्ना पलटने का मन बस इसी में हुआ."

आणि चौथं कारण बरोबर होतं. मी त्याला घरी येऊन काहीच बोलले नाही. आमचे हे हजरतगंजच्या बँकेतून आल्यावर त्यांना मात्र तो पेपर दोनदा वाचून दाखवला.

*

सगळे किस्से असे हसण्यावारी गेले असते तर बरं झालं असतं. पण वैदेही बारावीत गेल्यावर एका संध्याकाळी भाऊजी एक रिपोर्ट मागायला अचानक आमच्या दारात उभे राहिले. टाइपरायटर झाकलेला, आणि वैदेही टीव्हीसमोर वही घेऊन बसलेली. टीव्हीचा आवाज बंद.

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत सटकले, पण कान बाहेरच होते.

"हे टायपिंग आहे?" भाऊजींनी विचारलं. मग जरा थांबून, "आवाज काऊन बंद केला?"

"बाबा, आवाज़ बंद करो तो समझ में आता है कि दिखा क्या रहे हैं." ती अजिबात घाबरली नव्हती. "कल दोनों चैनलों पर वही बाढ़ थी. एकावर मंत्री पुढे आणि पाणी मागे. दुसऱ्यावर नुसतं पाणी, और एक औरत अपनी बकरी को चारपाई पर चढ़ा रही थी. दुसऱ्यांचा कॅमेरा आधी पोचला होता, मंत्र्यांच्या आधी. मैंने लिख के रखा है."

भाऊजींनी वही घेतली. बराच वेळ पानं उलटली. चहा उकळून निम्मा झाला. मला वाटलं, आता हा माणूस पोरीच्या पाठीवर हात ठेवणार. टेस्टिंगमध्ये एखाद्या पोराने अशी नोंद ठेवली असती तर त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवली असती.

तिलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने तेव्हाच सांगून टाकलं. इंजिनिअरिंगला जायचं नाही. दिल्लीच्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकायची आहे. फॉर्म मागवणार आहे, त्यावर वडिलांची सही लागते.

भाऊजींनी वही मिटून टीपॉयवर ठेवली. "हे तू नाही बोलत. हा डब्बा बोलून राहिला तुझ्या तोंडातून. त्याची सही मागून घे."

वैदेही रडली नाही. जिना चढून गेली. मी रडले. रिपोर्ट घ्यायचाही भाऊजी विसरले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यावरून मलाच बोलले.

*

बारावीची परीक्षा झाली. फॉर्म आला, वैदेहीने भरला, सहीची जागा कोरी राहिली. तेवढ्यात मुन्ना भैयाने स्वतःच्या चॅनलवर संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटं 'मोहल्ले की ख़बर' सुरू केली. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा त्याच्याकडे होताच. बातम्या वाचायला वैदेहीला बोलावलं. वहिनींनी परवानगी दिली, भाऊजींनी अट घातली, "सुट्टी आहे तोवर कर. त्या फॉर्मचं नाव काढू नको."

पहिल्या आठवड्यातल्या बातम्या म्हणजे हरवलेली म्हैस, सापडलेली म्हैस आणि म्हैस खरोखर त्यांचीच का, यावरचा वाद. मग वैदेहीने रस्त्याचा विषय घेतला.

ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीची कॉलनी, आणि फैजाबाद रोडपासून गेटपर्यंतचा आमचा रस्ता ठार अंधारात! खांब होते, दिवे नव्हते. ट्यूशनहून येणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून यायच्या. कॉलनीतले पुरुष दोन वर्षं अर्ज करत होते. ते अर्जही मीच टाइप केलेले, त्यामुळे मला ते तोंडपाठ होते.

वैदेही कॅमेरा घेऊन कॉलनीची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी केस नीट केले, हसले आणि सांगितलं, "आठ दिन में उजाला हो जाएगा." सातच्या बातमीत ते सगळ्यांनी पाहिलं.

आठव्या दिवशी बातम्या सुरू झाल्या. आधी साहेब तेच हसू हसून "आठ दिन में" म्हणाले. आणि त्यानंतर पडदा काळा झाला. सगळ्यांना वाटलं, केबल गेली. निशांत टीव्हीच्या डोक्यावर थापा मारायला उठला. शेजारच्या तिवारी भाभींनी खिडकीतून विचारलं, "आपके यहाँ भी चला गया?" मुन्ना भैयाच्या दुकानातला फोन खणखणायला लागला.

पुरं अर्धं मिनिट गेल्यावर त्या काळ्या पडद्यातून वैदेहीचा आवाज आला. "केबल ठीक है. यह हमारी सड़क है. आपको कुछ नहीं दिख रहा? हमें भी रोज़ इतना ही दिखता है."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दिवे लागले. बारा खांब, बारा दिवे. कॉलनीतल्या बायका त्या संध्याकाळी काही काम नसताना गेटपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मी तीन चकरा मारल्या. दोन वर्षं टाइप केलेल्या अर्जांनी जे झालं नाही ते एका पोरीने काहीही न दाखवता करून दाखवलं, या आनंदात मला झोप येईना.

भाऊजींचं यावर मत एका वाक्याचं होतं. "दिवे लागले ते चांगलं झालं, पण एका काळ्या पडद्यावर कोणाचं आयुष्य उभं राहत नाही."

फॉर्म पोचवायला आठवडा राहिला होता.

*

मग मुन्ना भैयाच्या डोक्यात चर्चेचा कार्यक्रम आला. विषय, 'केबल बच्चों का दिमाग़ बिगाड़ता है?' बिगाड़ता है म्हणणारा माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. भाऊजींनी लगेच होकार दिला. आपलं म्हणणं घराघरांत पोचायला हवं, आणि ते केबलवरूनच पोचणार, यात त्यांना काही गैर वाटलं नाही.

त्यांनी अकरा पानं लिहिली, मी टाइप केली. पानं क्रमाने हातात द्यायला मलाच बरोबर नेलं. मुन्ना भैयाच्या दुकानावरची खोली, भिंतीला निळा पडदा, दोन खुर्च्या. आवाज नको म्हणून पंखा बंद. कॅमेऱ्याची वायर मुन्ना भैयाने सरळ केबललाच जोडली होती, म्हणजे जे होईल ते त्याच क्षणी घराघरांत.

वैदेहीने साडी नेसली होती, वहिनींची. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "आज हमारे साथ हैं श्री खानझोडे जी." भाऊजींनीही तिला "जी" म्हणून उत्तर दिलं. मला हसू आवरेना, मी पानांमागे तोंड लपवलं.

भाऊजी छान बोलले. मुलं वाचत नाहीत, एका जागी बसत नाहीत, दुसऱ्याचे विचार स्वतःचे म्हणून बोलतात. अकरा पानं संपली. वैदेहीने एकदाही मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "आपने ख़ुद केबल कितने दिन देखा है?"

"एक दिन भी नहीं." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"आपके टेस्टिंग विभाग में कोई मशीन बिना टेस्ट किए फ़ेल की जाती है?"

"सवाल ही नहीं उठता."

"मान लीजिए किसी मशीन की जाँच हुई ही नहीं, और कंपनी आपकी राय माँगे. तब आप रिपोर्ट पर क्या लिखते हैं?"

मला ते वाक्य माहीत होतं. वर्षाला चाळीस-पन्नास वेळा मी ते टाइप करायची. मोठमोठ्या साहेबांनी दबाव आणला तरी भाऊजींनी ते कधी बदललं नव्हतं. एकदा त्यापायी त्यांचं प्रमोशन राहिलं होतं. 'जाँच नहीं हुई, अतः राय नहीं दी जा सकती.'

भाऊजी ती अकरा पानं पुन्हा चाळायला लागले. कपाळावरून घाम ओघळत होता. मुन्ना भैयाने कॅमेऱ्यामागून बोटांनी कात्री चालवून दाखवली, बंद करू का? वैदेहीने मान हलवून नाही म्हटलं. तिने पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. नुसती वाट बघत बसली. मला उठून त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि भाऊजींनाही.

शेवटी भाऊजींनी अकरा पानं नीट जुळवली, मांडीवर पालथी ठेवली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. "जाँच नहीं हुई. अतः राय नहीं दी जा सकती." मग घसा साफ केला. "बीस साल से मेरे सामने लोग रिपोर्ट लेकर खड़े होते हैं. यह सवाल मुझसे किसी ने नहीं पूछा. जिसने पूछा, वह मेरी बेटी है."

एवढं बोलून ते खुर्चीतच तिच्याकडे वळले. कॅमेरा चालू आहे, अख्खी कॉलनी बघते आहे, याचं त्यांना भान राहिलं नसावं. खिशातून पेन काढलं आणि सरळ मराठीत विचारलं, "वैदेही, तो फॉर्म कुठं आहे?"

वैदेहीने हातातल्या प्रश्नांच्या कागदावरून एकदा नजर फिरवली.

"फाइलीत आहे, बाबा. पण आधी कार्यक्रम संपू द्या. माझे अजून दोन प्रश्न राहिलेत."