शेवटच्या सरीचं पाणी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुणाचं रान कसं भिजतं, हे कालव्यावरच्या पाटकऱ्यांपेक्षा आमच्या दवाखान्यातल्या मामांना जास्त पाठ होतं, आणि मामांच्या स्वतःच्या नावावर मात्र सरीभरही जमीन नव्हती. नव्वद सालानंतर मी बारामतीच्या त्या मूत्रविकाराच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले, तेव्हा मामा तिथे वॉर्डबॉय होते. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, आणि कुजबुजले तरी खालच्या चहावाल्याला ऐकू जाईल असा आवाज. डॉक्टर दुर्बिणीने मूत्राशय तपासत. भुलीची जेली लावायची, नळी आत घालायची, पाणी सोडून लघवीची पिशवी फुगवायची आणि बघायचं. काम पाच-सात मिनिटांचं, पण त्या टेबलावर चढताना भल्याभल्यांची बोबडी वळे. पाण्याच्या पाळीवरून भावकीत कुऱ्हाड उगारणारे बाप्ये दोन्ही पाय वर बांधून घ्यायची वेळ आली की लेकरासारखे माझ्याकडे बघत, आणि मी बाई आहे हे आठवून डोळे गच्च मिटत.

मामांचं खरं काम तिथून सुरू होई. एक तर ते पेशंटच्या डोक्यावरची टोपी कुणाला काढू देत नसत. डॉक्टर नवीन असताना एकदा "टोपी काढा" म्हणाले, तर मामांनी त्यांनाच बाजूला घेतलं. "सायेब, खालचं समदं गेलंय त्येंचं. वरचं तरी ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून आमच्याकडे टोपीसकट तपासणी होऊ लागली. मला हुकूम असा की उशाशी उभं राहायचं आणि तोंड खिडकीकडे ठेवायचं. मग मामा पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "आबा, तुमच्या शेवटच्या सरीला पाणी पोचतं का?"

या प्रश्नावर गप्प बसलेला शेतकरी मी पाहिलेला नाही. पणदऱ्याचे एक आबा आले होते. "मला मारायला आणलंय" म्हणत होते. मामांनी विचारलं आणि आबा सुरू झाले. दारं धरायची, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायचं, ते विहिरीच्या कोपऱ्यापासून, चिंचेपाशी रान उंच, तिथं पाणी अडतं, मग फावड्यानं वाट करून द्यायची. मध्येच पिशवी भरली आणि आबा कळवळले, "लघवीला आलंय मला." मामा शांतपणे म्हणाले, "ती तुमची न्हाय, आमीच पाणी सोडलंय. तुमी चिंचेपाशी हुता." आबा परत चिंचेपाशी गेले, आणि तिथलं पाणी पुढे सरकेपर्यंत तपासणी उरकली. मामा अडखळले ते एकदाच, इंदापूरचे एक गुरुजी "मला शेती नाही" म्हणाले तेव्हा. पण लगेच सावरून त्यांनी विचारलं, "यष्टीनं आलात न्हवं? कुठं कुठं थांबली?" गुरुजींनी निमगाव केतकी, शेळगाव, अंथुर्णे, लासुर्णे असे थांबे हजेरी घेतल्यासारखे घेतले. भवानीनगरला नळी बाहेर होती.

आणि हाच माणूस स्वतःच्या लघवीतून रक्त जातंय हे चार महिने लपवून होता. लोकांना "रक्त दिसलं की त्याच दिवशी या" म्हणून दम देणारे मामा. मला कळलं तेव्हा मी चिडले, आणि खरं सांगायचं तर फार घाबरले. डॉक्टरांना गाठीची शंका होती. तपासणीचा दिवस ठरला की मामा यष्टीत बसून गावाला पळत, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः हाताला धरून त्यांना टेबलावर चढवलं. त्या टेबलाशी किती वर्षं उभे होते, पण चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्याकडं टोपी न्हाय," ते हळूच म्हणाले. ते खरोखर हळू होतं. डॉक्टरांनी आपली हिरवी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांना काय विचारायचं? त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्याच रानात दारं धरली होती. शेवटी मी म्हणाले, "मामा, पणदऱ्याच्या आबांच्या शेवटच्या सरीला पाणी कसं पोचतं?"

मामांनी डोळे मिटले. विहिरीचा कोपरा, चिंच, फावडं, सगळं आलं. आबांचं रान भिजलं तसे ते सणसरच्या तात्यांच्या उसात शिरले, तिथून निमगावच्या डाळिंबात. एवढ्या वर्षांत त्या टेबलावर ऐकलेलं एकेक रान ते स्वतःचं असल्यासारखं भिजवत चालले होते. मला रडू आलं, तोंड खिडकीकडे होतं ते बरं. एकदाही "लघवीला आलंय" म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी नळी काढून ठेवली. आत खडा होता, गाठ नव्हती. ते हसून म्हणाले, "मामा, झालं. उठा आता."

मामांनी डोळे न उघडताच हात वर केला. "जरा थांबा सायेब. शेवटची सरी ऱ्हायलीया."

आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.