त्याच्या हाताची गाडी

माझ्या बहिणीच्या मुलीला सगळे ताईच म्हणतात, तिची आईसुद्धा. धाकटा भाऊ जन्मला त्या दिवशी ती ताई झाली ती झालीच. त्या धाकट्याला मी शेठ म्हणते, कारण पंचविशी उलटली तरी घरात पाण्याचे ग्लास कुठे असतात हे त्याला ठाऊक नाही. बहिणीला हे नाव आवडत नाही. न आवडो.

ताई कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर प्लास्टरच्या भुकटीत बसून दात घासायचे. एका जागी किंचित घासायचं, वरखालचे दात बसतात का ते साचा मिटवून बघायचं, मगच दुसऱ्या जागेला हात लावायचा. दोन जागा एकदम घासल्या की नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही, असं ती सांगते. संध्याकाळी परत येते तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात आणि खोकला सुरू असतो.

या मुलीला एकच शौक होता, कॉम्प्युटरवर रेसची गाडी पळवण्याचा. पोरासोरांचा खेळ नव्हे हं. हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल आणि पडद्यावरची गाडी खऱ्यासारखी घसरते. हे सगळं तिने स्वतःच्या पगारातून घेतलं आणि हॉलमध्ये खिडकीपाशी मांडलं. माझं शिवणकामाचं दुकान त्याच इमारतीत खाली आहे. दुपारचं गिऱ्हाईक नसलं की मी काज-बटणांचं काम घेऊन वर जायचे. सुट्टीच्या दिवशी ती चालवायची, मी शेजारी बसून टाके घालायचे. मग एक दिवस शेठ त्या खुर्चीत बसला आणि उठलाच नाही.

शेठचा हात वाईट. वळण अंगावर येईपर्यंत वेग सोडायचा नाही, मग ब्रेकवर उभं राहायचं आणि तो तसाच दाबून ठेवून स्टिअरिंग हिसकायचं. गाडीचं वजन सगळं पुढे येतं, मागची चाकं हलकी पडतात आणि गाडी गर्रकन फिरते. दोष कुणाचा? अर्थात गाडीचा. "ताई, मागून सुटतेय बघ!" अशी आरोळी आली की ताई जेवणावरून उठून यायची. या खेळात गाडी हवी तशी लावून घेता येते म्हणे. ब्रेकचा जोर पुढच्या चाकांकडे सरकवायचा, मागच्या स्प्रिंगा सैल करायच्या, मागचा पंख चढवायचा, म्हणजे शेपूट दाबून राहते. ताई ते कवळीसारखंच करायची. एक गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, मग दुसरी.

पण चालवून बघायचं कुणासारखं? एका सकाळी शेठ घोरत असताना ती बसली होती. वळण तिने सुरेख घेतलं. मग मान हलवली, गाडी पुन्हा मागे नेली आणि या वेळी मुद्दाम उशिरा ब्रेक दाबून स्टिअरिंगला हिसडा दिला. गाडी फिरली.

"अगं, चांगलं चाललं होतं की!" मी म्हटलं.

"माझ्या हाताने चांगलं चालून काय उपयोग, मावशी? चालवणार तो. त्याच्यासारखं दामटल्याशिवाय गाडी त्याला सोसेल का ते कसं कळणार?"

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाचा एक खांदा पडका असला तर मीही आतून पॅड लावते. म्हणून मी स्वतः वाकडी चालत नाही."

ती हसली. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावाचंच करतेय ना? परक्याचं तर नाही!" माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण बहिणीशी भांडलं की ताईलाच ऐकून घ्यावं लागतं. पुढे कित्येक वर्षं हेच चाललं. गाडी शेठच्या खोडीला इतकी चपखल बसली की त्याचे फेरीचे वेळ खरोखरच चांगले येऊ लागले. कौतुक शेठचं, हे सांगायला नकोच.

अशातच शहरातल्या, असल्याच कॉम्प्युटरवरच्या रेस खेळणाऱ्या एका संघाने पगारी माणूस घ्यायचं ठरवलं. इंटरनेटवर शेठचे वेळ बघून त्याला चाचणीला बोलावलं. नियम असा की सगळ्यांना एकच गाडी आणि तिला कुणी हात लावायचा नाही. ताईने ते वाचलं आणि म्हणाली, "अरे, आजपासून साध्या गाडीवर सराव कर. ही तिथे नसणार."

"तिथलं तिथे बघू," शेठ म्हणाला.

तिथलं तिथे जे व्हायचं ते झालं. आम्ही दोघी सोबत गेलो होतो. शेठ पहिल्याच वळणाला फिरला. पुढच्या फेरीला पुन्हा फिरला, मग थेट भिंतीवर गेला. तिथल्या प्रमुख बाईंनी विचारलं, "मग घरी असे वेळ कसे यायचे?" शेठने सगळ्यांदेखत ताईकडे बोट केलं. "हिच्यामुळे! हिने गाडी लावून लावून माझी सवय बिघडवली."

बाईंनी कान टवकारले. "गाड्या तुम्ही लावत होतात?" त्यांनी ताईला बरंच काही विचारलं. ताई एकेका गोष्टीचं कारण सांगत गेली आणि बाई लिहून घेत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मला असंच माणूस हवंय. पण गाडी काय करतेय ते स्वतः नीट चालवून सांगता यायला हवं. चालवता?"

"चालवायचे," ताई म्हणाली.

"बसा मग."

ही जागा हिचीच होती. भुकटी सुटेल, खोकला सुटेल, त्या घरातून बाहेर पडता येईल. आयुष्यात एवढं एक हिला मिळू दे, असं मी मनात घोकत राहिले.

सरळ रस्ता तिने छान घेतला. वळण आलं आणि तिने ब्रेक उशिरा दाबला, दाबूनच ठेवला आणि स्टिअरिंग हिसकलं. गाडी फिरली. पुढच्या फेरीलाही तेच. चुकतंय कुठे हे तिला पुरतं कळत होतं. "उशीर झाला," ती पुटपुटायची. "सोड, सोड," म्हणायची आणि पाय सोडायचा नाही. कुणासारखं चालवायचं नव्हतं तरी ती त्याच्यासारखंच चालवत होती.

ब्रेक कुठे, किती दाबला हे दाखवणाऱ्या शेठच्या आणि ताईच्या रेघा बाईंनी पडद्यावर एकावर एक ठेवल्या. त्या दोन आहेत हे मला कुणीतरी सांगावं लागलं. बाई काही वाईट नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "गाडी तुम्ही उत्तम लावता, पण एकाच माणसाची. तुमचा हात कसा आहे, ते मला यात दिसत नाही."

बाहेर पडल्यावर शेठची कळी खुलली. "बघितलंस मावशी? गाडीच भिकार होती. ताईची पण सुटली!" घरी येऊन आईलाही त्याने तेच ऐकवलं. बहीण ताईला म्हणाली, "बघ, उगाच त्याला नावं ठेवत होतीस." माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी ते स्टिअरिंग, पेडल, कॉम्प्युटर सगळं उचलून दुकानात आणलं. शेठने घर डोक्यावर घेतलं. घेऊ दे.

आता ताई लॅबमधून सुटली की माझ्या शिलाई मशीनशेजारी बसते आणि साधी गाडी चालवते. आज फक्त ब्रेक, असं ठरवते. ब्रेक लवकर दाबायला जाते तर फारच लवकर दाबला जातो, गाडी रांगते. मग चिडते आणि शेठचा हिसडा परत येतो. तिच्या पूर्वीच्या फेऱ्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या होत्या, त्या बघून शिकता आलं असतं. शेठने त्या कधीच पुसल्या, जागा हवी म्हणून.

काल तिने मध्येच गाडी थांबवली.

"मावशी, तू तेव्हा शेजारी असायचीस ना? मी कशी चालवायचे गं?"

"छान चालवायचीस."

"छान म्हणजे कशी? ब्रेक कुठे मारायचे? आधी की वळताना?"

मी तेव्हा मान खाली घालून काज करत होते. तिच्या पायांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.