मासिकात काय आलंय?

पुण्याचं मासिक देवासला पोचलं की भास्करपंतांचे पाय आधीच दुखायला लागत. घरंदाज बायकांनी बाजारात उभं राहून पुस्तक चाळायचं, हे कुणाला खपलं असतं? म्हणून पंतच दुकानातली पुस्तकं कापडात बांधून दारोदार फिरत आणि प्रत्येक ओसरीवर पहिला प्रश्न तोच ऐकत, "मासिकात काय आलंय?" स्तुती आली असली तर पुस्तक हातोहात जाई. टीका आली असली तर ते वाळवीच्या वाट्याला.

या खेपेला मात्र पंतांचा जीव एका कादंबरीत अडकला होता. लिहिणारी बाई कुणाला ठाऊक नव्हती. परीक्षण यायच्या आधीच त्यांनी एका प्रतीची जोडलेली पानं कापून ती वाचली होती. हे विकलं नाही तरी चालेल, पण कुणीतरी वाचावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे पेन्शनर प्रतापराव चष्मा सावरून मासिकच वाचून दाखवू लागले. "'भाषा बरी, परंतु कुलीन स्त्रियांच्या हाती देण्याजोगी नाही.' ऐकलंत, पंत? न्या हे."

"सरकार, आपण स्वतः एकदा चाळून..."

"मग मासिकाची वर्गणी कशाला भरतो मी?"

पंतांनी गाठोडं उचललं, रस्ता ओलांडला. पलीकडे धाकटी पाती. गाव एक, राज्यं दोन. एकीनं नाक मुरडलं की दुसरीला ती वस्तू हवीच. तिथले मानकरी हंबीरराव झोपाळ्यावर बसले होते.

"काय भिया, चेहरा का उतरलाय?" त्यांनी माळवी थाटात विचारलं.

"प्रतापरावांनी परत केली ही." बोलून गेल्यावर पंतांना स्वतःचीच लाज वाटली. असं म्हटलं की इथे माल खपतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"अस्सं? मग सगळ्या प्रती ठेवा! काचेच्या कपाटात लावतो, रस्त्यावरून दिसतील अशा."

"पण वाचाल ना, सरकार?"

"फुरसत कुणाला आहे? त्यांना दिसल्या म्हणजे झालं!" हंबीरराव हसत हसत कपाटाकडे गेले.

सगळ्या प्रती खपल्या, आणि वाचणारं कुणी नाही. पंत पायरीवर मटकन बसले. गाठोड्यात त्यांची स्वतःची प्रत तेवढी उरली होती.

"पंत," पडद्याआडून हंबीररावांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचलीत? कशी आहे?"

इतक्या वर्षांत हे पंतांना कुणी विचारलंच नव्हतं. घसा खाकरून ते म्हणाले, "भाषा सुबोध, कथानक बोधप्रद, पात्रे..."

"ते मासिकवाल्यांचं झालं. तुमचं सांगा की."

पंतांची स्वतःचं बोलायची सवयच मोडली होती. तरी म्हणाले, "बाईसाहेब, वाचून झाल्यावर मी दुकान उघडलंच नाही. नुसता बसून होतो."

"मग द्या. कपाटातली मला मिळायची नाही."

पंतांनी आपली प्रत पडद्याखालून आत सरकवली. आतून पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. त्यांनी रिकामं कापड खांद्यावर टाकलं.

रस्त्यावर येताच समोरून प्रतापराव ओरडले, "पंत! पलीकडच्यांनी सगळ्या घेतल्या म्हणे? आम्हाला पण द्या एक!"

"संपली, सरकार," पंत म्हणाले आणि पाय ओढत दुकानाकडे वळले.