बर्फाखालचे झुडूप आणि माझी चूल

वीर स्टेशनच्या फलाटावर माझी बॅग डब्यात चढवताना चुलतभाऊ दगडू म्हणाला, "आप्पा, बर्फात र्‍हावा सुखानं. पण नियम तुमाला ठावं हाय. शिमग्याला ज्याची चूल पेटत नाय, त्याच्या दारात पालखी थांबायचा मान जातो." गाडी सुटली, म्हणून त्याच्या विधानाचे खंडन मला करता आले नाही. ते न केलेले खंडन उराशी घेऊनच मी पोलादपूरचा डोंगर सोडला आणि नॉर्वेत मुलीकडे आलो.

पत्नी गेल्यावर मुलीने मला एकटे राहू दिले नाही, एवढेच त्यामागचे कारण. महाडच्या कोर्टात जन्मभर अर्ज लिहिले, इथेही लिहितो. नगरपालिकेकडे कसलीही तक्रार केली, की नम्र उत्तर येते: आपले म्हणणे रास्त आहे. विषय तिथेच संपतो. आठवडेच्या आठवडे माझ्याशी कोणी भांडत नाही.

उन्हाळ्यात घरामागच्या उघड्या डोंगरावर, खडकाच्या खोबणीत गुलाबी फुलांनी भरलेली एक हिरवी उशी दिसली. शेवाळ समजून मी तिच्यावर टेकणार, तोच मुलगी म्हणाली, "आप्पा, ते झुडूप आहे. वयाने तुमच्याहून मोठं असेल." इथे तिला फ्येलस्मेल्ले म्हणतात. निरगुडीची फांदी खोचली तरी कुंपण होते, अशा मुलुखातला मी. एक कोपरा उपटून दारात लावावा म्हणून हात घातला, तर मुलीने अडवले. "एकच मूळ असतं तिला, खोलवर गेलेलं. उपटली की मेली."

वाळलेली पाने ही उशी टाकून देत नाही. आतच ठेवते आणि त्यांचीच माती करते. फुले आधी दक्षिणेच्या अंगाला येतात. मी रोज जाऊन त्याच अंगाला बसू लागलो.

मग बर्फ पडले. माझा मान काढून घेण्यासाठी गावकीची सभा भरणार असे कळले, तेव्हा मी लगेच हरकत लिहून पाठवली: 'येथील एक वनस्पती वर्षातील बराच काळ बर्फाखाली असते. तिला मृत ठरवून तिची जागा कोणी दुसऱ्या झाडास देत नाही. अनुपस्थिती म्हणजे हक्कत्याग नव्हे.'

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दगडूचा फोन आला. "पत्र वाचलं सभेत. झाडाचं कोनाला कायबी समजलं नाय. गुरव म्हनाला, आप्पाला थंडी बाधली. चूल पेटली तर मान, नायतर नाय, असं ठरलं."

"म्हणजे गेला."

"आयका तरी. किल्ली माज्याकडं हाय ना? काल तुमच्या घरात शिरलो, चूल पेटवली, कोरा चहा केला. सगल्यांनी धूर बघितला. पालखी थांबली तुमच्या दारात."

"चहा कोणी घेतला?"

"मीच. सवयीनं दोन कप केलं व्हतं. तुमचा तसाच र्‍हायला. आता लिवा काय लिवायचं ते."

किल्ली त्याला केवळ झाडलोटीसाठी दिली होती. विनापरवाना वापराबद्दल मी तत्काळ नोटीस लिहायला बसलो. मायना झाला, विषय झाला. मग तो कागद बाजूला सारून दुसरा घेतला.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या दूर जाऊन बसलेल्यांनो, घर म्हणजे मालमत्ता, असाच युक्तिवाद मी आजवर करत आलो. आता म्हणतो, जिथे माझ्याशी वाद घालणारा माणूसच माझ्या चुलीत फुंकर घालतो, ते माझे घर. तिथे मी नाही.

नोटीस मी पाठवणारच आहे. दगडू तिला हरकत घेईल.